एका वाचनालयाची तीन वयं

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, सार्वजनिक वाचनालयाची इमारत आहे. दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलंय, 'स्थापना १८६५'. कार्यालयातल्या लेटरहेडवर छापलंय, 'स्थापना १८९७'. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणी दाखल्यावर तिसरंच साल आहे, ते अर्थातच १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आल्यानंतरचं. इतकी वर्षं ही तिन्ही सालं एकाच छपराखाली गुण्यागोविंदाने नांदत होती. छप्पर गळायला लागलं तेव्हा भांडण सुरू झालं.

गावाचं नाव देत नाही. या प्रकरणातले दोन्ही पक्ष रोज सकाळी एकाच टेबलावर पेपर वाचतात, आणि ते तसंच चालू राहिलेलं बरं.

प्रसंग असा. २०२२ च्या उन्हाळ्यात कार्यकारिणीपुढे दोन विषय एकदम आले. एक, वाचन कक्षाचं कौलारू छप्पर. दोन पावसाळे घमेली आणि बादल्या मांडून काढले होते, तिसरा निघणार नव्हता. दुसरा, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची योजना. १९७२ साली स्थापन झालेली ही केंद्राची संस्था देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी मदत देते, आणि तिच्या योजनांमध्ये ५०, ७५, १००, १२५, १५० अशी वर्षं पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांच्या वर्धापनासाठीही मदत आहे. म्हणजे वय हा पैशाचा विषय झाला. आता हिशेब करा. १८६५ धरलं तर दीडशे वर्षं २०१५ लाच होऊन गेली, सण हुकला. १८९७ धरलं तर सव्वाशे वर्षं बरोबर २०२२ ला. लेटरहेडचं साल एकाएकी सगळ्यांना प्रिय झालं, आणि आदल्या वर्षापर्यंत भाषणांतून १८६५ सांगणारे दोघंतिघंही हळूच १८९७ म्हणायला लागले. नाना मात्र भिंतीवरच्या सालाला धरून बसले. त्यांचे वडील या वाचनालयाचे चिटणीस होते. "हाई तं आमना आजाना बी आगोदरनं शे," म्हणजे हे तर आमच्या आजोबांच्याही आधीचं आहे, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत.

अर्जाला जोडायला संस्थेचा इतिहास हवा होता. तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना आपापला इतिहास आधीच पाठ होता.

१८६५ कुठून आलं

हे सापडायला वेळ लागला नाही. छप्पर तपासायला कारागीर वर चढला आणि त्याने फुटकं कौल खाली दिलं. उलटं करून मातीचा थर खरवडला की उठावाची रोमन अक्षरं दिसतात: बासेल मिशन टाइल वर्क्स, आणि खाली १८६५. पूर्वी कधीतरी डागडुजीच्या वेळी कुणीतरी हेच वाचलं आणि पेंटरला साल दिलं. खुलासा असा की बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि तेच साल ते कौलांवर छापत राहिले. कारखान्याचा जन्म कौलावर येतो, कौलाचा नाही. खानदेशात आणि बाहेरही ज्या ज्या जुन्या इमारतीवर १८६५ लिहिलेलं दिसेल तिथे आधी कौल उलटं करून पाहावं, अशी माझी शिफारस आहे.

कौलावरून कळतं ते एवढंच की हे छप्पर १८६५ च्या आधीचं असू शकत नाही. नंतरचं कितीही असेल. मंगळूरची कौलं समुद्राने मुंबईला आणि तिथून रेल्वेने इकडे यायची. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची लाइन १८६० च्या दशकात चाळीसगाव-जळगाव-भुसावळवरून गेली. सुरत-अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे १९०० साली पुरी झाली. त्याआधी आपल्याकडच्या घरांवर काय होतं हे सांगायला इतिहासकार लागत नाही. धाबं. सागवानी खांडं, वर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर.

आणि तेच निघालं. आतल्या कोठीच्या खोलीत, जिथे जुनी मासिकं ठेवतात, कौलांच्या खाली दुसरं छप्पर होतं. धाबं जसंच्या तसं, त्याच्यावर लाकडी कैच्या उभ्या करून कौलं चढवलेली. खालून बघणाऱ्याला फक्त खांडं आणि फळ्या दिसत, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती. कौलारू छप्पर हे या इमारतीचं पहिलं छप्पर नव्हे, हे त्या दिवशी कारागिरानेच आम्हाला दाखवलं.

नानांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला आवडला होता. ते म्हणाले, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून १८६१ ते ६५ मध्ये खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हाच गावात पैसा खेळत होता, तेव्हाच शेठ लोकांनी वाचनालय काढलं असणार. पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. दुसरा अर्धा भाग 'असणार'वर उभा आहे. शिवाय १८६५ हे तर युद्ध संपून भाव कोसळल्याचं साल.

भिंत काय सांगते

छपराखालची भिंत त्याहून जुनी आहे. जोतं काळ्या दगडाचं, वर पांढऱ्या मातीच्या मोठ्या कच्च्या विटा, आणि मागची भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसतो. कपाटं सरकवली तेव्हा या भिंतीत ओळीने तिरके चिंचोळे कप्पे दिसले, बाहेरून बुजवलेले. वाचनालयवाले त्यांत वर्षानुवर्षं डिंकाची बाटली, शिक्क्याचं पॅड आणि उदबत्तीचा पुडा ठेवत आले होते. त्या जंग्या आहेत, बंदूक रोखायच्या. ती भिंत म्हणजे गावच्या गढीच्या तटाचाच तुकडा, आणि शेजारी रसवंतीवाल्याने ज्याला पाठ लावून टपरी टाकली आहे तो मातीचा ढिगारा म्हणजे बुरूज.

१८०० च्या आसपास खानदेशने होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि १८०३ चा दुष्काळ असं सगळं लागोपाठ सोसलं. गढीशिवाय गाव राहत नव्हतं. १८१८ ला मुलूख इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याहून कारभार सुरू केला, पुढे भिल्ल पलटण उभी राहिली, आणि गढ्यांचं काम संपलं. पुष्कळशा गढ्यांची माती लोकांनी शेतात खत म्हणून नेली. आमच्या गढीचा हा कोपरा वाचला तो तिथे सरकारी कचेरी बसली म्हणून. दाराच्या चौकटीवर 'ट्रेझरी' ही पुसट अक्षरं आहेत आणि आतल्या खोलीला अजूनही गावात खजिन्याची खोली म्हणतात. खजिना म्हणजे तिजोरीची खोली, त्यामुळे तिला खिडकी नाही, त्यामुळे तिचं धाबं कुणी हलवलं नाही. एकात एक गुंतलेलं असतं सगळं.

म्हणजे भिंत १८१८ पूर्वीची, छप्पर त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने किंवा त्याहून उशिरा चढलेलं. आणि वाचनालय? ते तर या इमारतीत जन्मलंच नाही. कचेरी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली आणि रिकामी जागा नगरपालिकेने वाचनालयाला वापरायला दिली, असा ठराव जुन्या ठराव-बुकात आहे. त्याआधी संस्था एका व्यापाऱ्याच्या माडीवर भाड्याने होती.

गावात 'वाचनालय किती जुनं?' असं विचारलं की माणूस भिंतीकडे बोट दाखवतो. घोळाचं मूळ तिथे आहे. भिंतीचं वय, छपराचं वय आणि संस्थेचं वय या तीन गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या जागी आहे.

दाखल नोंदवही

संस्थेचं वय काढायला सगळ्यात खात्रीचा कागद म्हणजे दाखल नोंदवही. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, तारीख, लेखक, नाव, किंमत, शेरा. आमच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलंय, 'स्थापना सन १८९७', आणि खाली दाखल क्रमांक १. लेटरहेडवरचं साल इथूनच गेलंय. कार्याध्यक्ष आप्पांनी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता याच्यावर काय बोलायचं राहिलं?"

मी वही घरी नेऊ दिली नाही कुणाला, तिथेच बसून पानं चाळली. पहिली शेकडो पुस्तकं एकाच शाईत, एकाच हातानं, न थांबता लिहिलेली. वर्षानुवर्षं पुस्तकं येत गेली असती तर शाई बदलली असती, कारकून बदलला असता, कुठे चहा सांडला असता. आमच्या ग्रंथपाल ताईंना मात्र त्याहून भारी गोष्ट दिसली. त्या म्हणाल्या, "किमतीचा रकाना बघा." किमती होत्या ०.३७, ०.६२, ०.८७, १.१२. ही कसली किंमत? सदतीस पैशांना पुस्तक कोण काढतं?

आण्यांत मोजा. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. सहा आणे म्हणजे साडेसदतीस, दहा आणे म्हणजे साडेबासष्ट, चौदा आणे म्हणजे साडेसत्त्याऐंशी, अठरा आणे म्हणजे एकशे साडेबारा. वरचा अर्धा पैसा सोडून दिला की नोंदवहीतल्या किमती तंतोतंत मिळतात. दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या पुस्तकाची किंमत नव्या पैशात लिहिली आहे, म्हणजे ही वही १९५७ नंतर कुणीतरी बसून नव्याने उतरवून काढली आहे. जुनी वही वाळवीने खाल्ली असेल किंवा तपासणीसाठी स्वच्छ प्रत हवी असेल. त्या अनाम कारकुनाने आणे-पैचा प्रत्येक आकडा पैशात फिरवला, हे काम मला तरी शिक्षा म्हणून दिलं तरी झालं नसतं.

यावरून १८९७ खोटं ठरत नाही. त्याच्यासमोर कुठली तरी जुनी वही होती, त्याने मनाने काढलेलं साल पहिल्या पानावर मिरवलं असं मानायला कारण नाही. पण पुरावा म्हणून त्या पानाचं वजन कमी झालं. ते १८९७ चं पान नाही, साठ-सत्तर वर्षांनी केलेली नक्कल आहे.

शिक्के

मग पुस्तकांवरचे शिक्के पाहिले, आणि हा मार्ग इतर गावच्या मंडळींनीही वापरावा असा आहे, फुकटात होतो. आमच्या जुन्या पुस्तकांवर तीन तऱ्हेचे शिक्के आहेत. सर्वांत नव्यात 'जि. जळगाव'. त्याआधीच्यात 'जि. पूर्व खानदेश'. आणि थोड्याच पुस्तकांवर लंबगोल शिक्का: 'ज्युबिली लायब्ररी', गावाचं नाव, 'खानदेश'. पूर्व-पश्चिम काही नाही.

खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला तो महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा. म्हणजे लंबगोल शिक्का कोरला गेला तो १९०६ च्या आधी. पुढेही काही दिवस तो वापरला गेला असेल, रबरी शिक्का सरकारी हुकमापेक्षा चिवट असतो. ज्युबिली म्हणजे राणीची. पण कोणती? व्हिक्टोरिया राणीचा सुवर्णमहोत्सव १८८७ ला झाला, हीरकमहोत्सव १८९७ ला. (१९३५ ला पंचम जॉर्जचाही रौप्यमहोत्सव झाला, पण तेव्हा जिल्हा पूर्व खानदेश होता, तो सुटला.) दोन्ही वेळी मामलेदार-फौजदारांच्या पुढाकाराने गावोगाव ज्युबिलीच्या नावाने काही ना काही निघालं. नकलेतलं १८९७ आणि शिक्क्यातली ज्युबिली यांचा मेळ बसतो. पण १८९६-९७ हा मुंबई इलाख्यात दुष्काळाचा काळ, त्यात मुंबईत प्लेग सुरू झालेला. वर्गणी गोळा करायला याहून वाईट साल शोधून सापडलं नसतं. १८८७ च्या बाजूने बोलणाऱ्याला हा मुद्दा आयता मिळतो.

एका सभासदाने 'काव्यरत्नावली'चा पहिला वर्षांक आणून समोर ठेवला. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस काढत असलेलं हे कवितांचं मासिक १८८७ साली सुरू झालं, आणि आमच्या संग्रहात त्याचा पहिला बांधीव खंड आहे, लंबगोल शिक्क्यासकट. झालं, १८८७ सिद्ध! पण शिक्क्याखाली जांभळ्या शाईत एका वकिलाची सही आहे. खंड त्यांचा, नंतर भेट दिलेला. पुस्तक जुनं असलं म्हणून ते आपल्याकडे जुन्या काळापासून आहे असं होत नाही, ही साधी गोष्ट शताब्दीच्या उत्साहात भलेभले विसरतात.

बालकवी इथे येऊन वाचत असत, असंही गावात सांगतात. धरणगाव त्यांचं जन्मगाव, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. या परिसरातल्या प्रत्येक जुन्या वाचनालयात त्यांची एक खुर्ची असते. साने गुरुजींचीही असते, कारण ते १९२४ ते ३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आमच्या अभिप्राय वहीचं गुरुजींचं म्हणून सांगितलं जाणारं पान कुणीतरी फाडून नेलंय. इतिहासात मी दोघांनाही घेतलं नाही, आणि त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते सालावरून ऐकावं लागलं त्याहून जास्त होतं.

निर्णय

माझं म्हणणं एवढंच होतं: 'ज्युबिली लायब्ररी या नावाने १९०६ पूर्वी स्थापन, उतरवलेल्या दाखल नोंदवहीनुसार स्थापना १८९७' असं लिहावं. ताई म्हणाल्या, "दादा, फॉर्ममध्ये सालाचा एकच चौकोन आहे, त्यात 'पूर्वी' बसत नाही." त्यांचं बरोबर होतं. चर्चा तास-दीड तास चालली, आणि मग खजिनदारांनी खिडकीतून आभाळाकडे पाहून विचारलं की मृग लागायला किती दिवस राहिले. वर्धापनाचा अर्ज बाजूला पडला तो तिथे. मदत आली तरी पुढच्या आर्थिक वर्षात येणार, छप्पर आत्ता गळतंय. शासनाच्या अनुदानातून पगार आणि पुस्तक-खरेदीच जेमतेम भागते. वाचनालयाला वरच्या वर्गात नेणारी दर्जावाढ तर २०१२ साली थांबवली गेली, त्यामुळे 'ब' वर्गाचं वाचनालय बरीच वर्षं 'ब'च राहिलं. गावातूनच वर्गणी काढायची ठरलं.

इथे त्या तीन वयांचा खरा उपयोग झाला. ठेकेदाराचा प्रस्ताव सरळ होता: कौलं काढा, स्लॅब टाका, खाली गाळे काढा, वर वाचनालय न्या. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास जातं, कौलांचं चाळीस-पन्नास. ही भिंत कच्च्या विटांची आहे आणि दोनशे वर्षांहून जुनी आहे, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं, त्यामुळे स्लॅब बैठकीतच पडला. भिंत फक्त 'जुनी' एवढंच माहीत असतं तर तो मंजूर झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

दुसरं काम प्लास्टरचं. पूर्वीच्या एका दुरुस्तीत मागच्या भिंतीला आतून सिमेंट मारलं होतं. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं. ओल आतच फिरते, मीठ फुटतं, पोपडे येतात, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. आमचा चरित्र विभाग नेमका त्या भिंतीला होता. हे सिमेंट खरवडून काढलं. कळीचा चुना खड्ड्यात भिजत घातला, वाळू आणि विटांची सुरखी मिसळली. चुन्याचा हात असलेला गवंडी शोधायला शेजारच्या तालुक्यात जावं लागलं. सत्तरीचे बाबा, सोबत नातू. त्यांनी चुन्यात घालायला गूळ आणि हिरड्याचं पाणी मागितलं तेव्हा तरुण सभासदांना वाटलं चहा करताहेत. चुना वाळायला वेळ घेतो, त्यामुळे पावसाळाभर चरित्रं खजिन्याच्या खोलीत धाब्याखाली राहिली. ते धाबं तसंच ठेवलं, फक्त कसर लागलेलं एक खांड बदललं. कौलांपैकी धड निघाली ती धुऊन परत चढवली, उरलेली पाडकामवाल्यांकडून आणली. त्यांतली काही वेगळ्या कारखान्याची आहेत, वेगळ्या सालाची.

या सगळ्यात सर्वाधिक राबले ते वर्गणीदार सभासद नव्हेत, अभ्यासिकेतली पोरं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. त्यांना ज्युबिलीशी देणंघेणं नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना जाड भिंतीच्या आत पंख्यावर भागतं, म्हणून ती सकाळी सातला दारात उभी असतात. पुस्तकांची ने-आण त्यांनीच केली, आणि जाता जाता ज्या कपाटांची किल्ली वर्षानुवर्षं सापडत नव्हती तीही उघडली.

भिंतीवरचं '१८६५' रंगकामात पुसलं गेलं. नव्या पाटीवर काय लिहायचं हा विषय पुढच्या सभेवर ढकलला, मग त्याच्या पुढच्या. नाना अजून बोलत नाहीत माझ्याशी, फक्त पेपर वाचून झाला की पुरवणी माझ्याकडे सरकवतात.

सध्या काम चालू आहे ते मालकीचं. प्रॉपर्टी कार्डावर धारक म्हणून नगरपालिका आहे, वाचनालयाचा उल्लेख नाही. नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही निघाली तर कचेरी कधी हलली आणि जागा कोणत्या अटीवर दिली हे कळेल. तिच्या नकलेसाठी अर्ज केलाय. उतरवलेल्या दाखल नोंदवहीची पानं ताई आणि दोन विद्यार्थी मोबाइलवर स्कॅन करताहेत, क्रमांक ४०० पर्यंत झाली आहेत.